पिशवीवरचा सयाजी

श्रद्धा आगाशेनं सयाजीचा पुठ्ठ्याचा पुतळा डेअरीच्या दर्शनी दालनात उभा केला, मागून लाकडी टेकू दिला आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं. पुतळा किंचित कलत होता. माणसाएवढा सयाजी, डोक्यावर पांढरी टोपी, हातात ‘पान्हा’ दुधाची पिशवी, आणि त्या पिशवीवरही पुन्हा सयाजीचाच हसरा चेहरा. टेकू सारखा करायला ती वाकली आणि तिच्या नाकात सुईसारखं काहीतरी शिरलं.

आधी वाटलं, फरशी पुसायचं औषध कुणीतरी सांडलं असेल. पण लगेच डोळ्यांतून पाणी आलं आणि घसा आतल्या आत आवळला. मागच्या अंगणातून कुणीतरी ओरडलं,

“अमोनिया सुटलाय! भाईर पळा, भाईर!”

मग भोंगा झाला. पुढचं तिला नीट आठवत नव्हतं. जिन्यावरून धडाधड उतरणारी पावलं, कुणाच्या तरी चपलेत अडकलेला तिचा पाय, फाटकातून एकाच वेळी बाहेर पडू पाहणारी गर्दी. रस्ता ओलांडून समोरच्या उसाच्या बांधावर पोचल्यावर ती थांबली. आजूबाजूला पॅकिंगच्या बायका पदरानं तोंड दाबून खोकत होत्या. त्यातली दगडाबाई तिच्याकडं टक लावून बघत होती.

“मॅडम, ह्ये कशाला आणलंसा?”

श्रद्धानं खाली पाहिलं. पुठ्ठ्याचा सयाजी तिच्या काखेत होता. पळताना तो तिनं कधी उचलला, का उचलला, काही कळेना. मानेशी दुमडून त्याचं डोकं मागं लोंबत होतं. तिनं तो खाली ठेवायला जागा शोधली, पण बांधावर सगळीकडं नुकत्याच सोडलेल्या पाण्याचा चिखल होता, आणि चिखलात त्याला ठेवावं असं तिला वाटेना.

“समदी आली का?” पाळीचा मुकादम माणसं मोजत विचारत होता. “कॉम्प्रेसरवरची कुठायत? अर्जुना?”

“हाय की मी.”

“सयाजी?”

 अर्जुना डेअरीकडं तोंड करून उभा होता. मागच्या थंडघराला गारवा देणारा अमोनिया भिंतीवरून पांढुरक्या धुरासारखा रांगत होता.

“आरं, सयाजी कुठाय?”

“आत हाय,” अर्जुना म्हणाला.

मलकापूरच्या पुढं हमरस्त्याला लागून असलेली ही डेअरी तशी मोठी नव्हती. बाहेरच्या मोठमोठ्या कंपन्यांचं दूध गल्लोगल्ली आलं, तेव्हा ‘पान्हा’चं नाव मागं पडायला लागलं होतं. सांगलीच्या श्रद्धाला मालक वीरधवलदादांनी नोकरीवर घेतलं ते त्यासाठीच. पहिल्याच बैठकीत ती म्हणाली होती, “दादा, जाहिरात बाहेर करायची नाही. आत करायची. आपला माणूस संध्याकाळी गावी जातो. त्यानं मान वर करून सांगितलं की हे माझं दूध आहे, की अख्खं गाव तेच घेतं.” दादांना ते पटलं. मग पिशव्यांवर नट्यांऐवजी डेअरीतली माणसं आली. टँकरचा ड्रायव्हर आला, दगडाबाई आली, आणि एकदा कॉम्प्रेसरवरचा सयाजी आला. सयाजीचा चेहरा लोकांनी उचलूनच धरला. आता हा विचारणार, जेवलासा का, असं त्या मिशीखालच्या हसण्यात काहीतरी होतं. दुसरं कुणी पिशवीवर आलं की दुकानदार विचारायचे, “आमचा मामा कुठं गेला?” शेवटी तोच कायमचा राहिला.

दर सोमवारी पहिल्या पाळीला श्रद्धा अंगणात सगळ्यांना गोळा करी.

“डेअरी म्हणजे कोण?”

“मीच!” सगळे एका सुरात ओरडत. सुरुवातीला हसत हसत ओरडायचे. हळूहळू हसणं गेलं आणि आवाज वाढला.

तोंडाला मुखवटे लावलेल्या अग्निशामक दलाच्या माणसांनी सयाजीला बाहेर आणलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि गालाची कातडी ओली, लाल दिसत होती. अँब्युलन्सचं दार बंद होईपर्यंत श्रद्धा पाहत उभी होती. काखेतला पुतळा दगडाबाईनं केव्हातरी काढून घेतला होता.

कऱ्हाडच्या दवाखान्यात ती बाकावर बसून होती. आत डॉक्टर, बाहेर सयाजीची बायको बनुबाई, डोक्यावरचा पदर दातांत धरून. वीरधवलदादा फोनवर फोन करत होते. पुण्याहून डोळ्यांचे डॉक्टर बोलावले, खर्चाचं कुणी नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. मग ते श्रद्धाशेजारी येऊन बसले. त्यांचे डोळे सुजले होते.

“मी काय बोलू, श्रद्धाताई? सगळे पळाले, आणि हा माणूस आत गेला व्हॉल्व्ह बंद करायला. ह्याला म्हणायचं आपलं माणूस. आपल्या लोकांना हे कळलं पाहिजे. आत्ताच्या आत्ता काहीतरी लिहा.”

श्रद्धानं लगेच फोन काढला. काम असलं की तिला बरं वाटे. पिशवीवरचा सयाजीचा फोटो घेतला आणि खाली दोनच शब्द टाकले: ‘मीच सयाजी.’ डेअरीच्या गटावर पाठवून दिलं.

बनुबाईला चहा आणून देऊन ती परत बसली आणि सहज फोन उघडला. ड्रायव्हर, पॅकिंगच्या बायका, प्रयोगशाळेतल्या मुली, फाटकावरचा पहारेकरी, सगळ्यांच्या स्टेटसला सयाजी हसत होता. मीच सयाजी. मीच सयाजी. तिनं कुणालाही ‘लावा’ म्हणून सांगितलं नव्हतं. ती अंगठ्यानं पुढं पुढं सरकवत राहिली, आणि चेहरा संपेना. अंगावर सरसरून काटा आला. तो अभिमानाचा की कशाचा, हे तिला सांगता आलं नसतं.

यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ पुण्याहून आला. त्यानं कॉम्प्रेसरची खोली तपासली. नंतर दादांनी श्रद्धाला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“सयाजीनं बंद केला तो व्हॉल्व्ह वेगळ्या लाइनचा होता,” ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. “गळती दुसरीकडं होती. बाहेरच्या बटणानं मशीन बंद झालं होतंच. तो आत गेला नसता तरी काही फरक पडत नव्हता.”

श्रद्धाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“म्हणजे?”

“म्हणजे तेच. हे बाहेर सांगायचं नाही. आत तर मुळीच नाही.” दादा वळले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, त्यात लबाडी नव्हती. “त्याला कसं सांगू, सांगा तुम्ही? उजवा डोळा गेला त्याचा. निदान कशासाठी गेला एवढं तरी राहू दे त्याच्याजवळ. आणि त्याची एक छोटी फिल्म करा. शनिवारी सगळ्यांना जमवून दाखवू.”

ती दवाखान्याकडं गेली ती फिल्मसाठीच. सोबत कॅमेरावाला नेला नव्हता, आधी सयाजीची तब्येत पाहावी म्हणून. दवाखान्यासमोरच्या चहाच्या गाड्यावर अर्जुना बसला होता. पुढ्यातला चहा तसाच, वर साय धरलेली. गाड्याभोवती डेअरीतली चार-पाच माणसं उभी होती, पण त्याच्या बाकावर कुणी बसलं नव्हतं. ती शेजारी बसली तसा तो उठायला लागला.

“बसा अर्जुनादादा. आत जाऊन आलात?”

“न्हाई. कुठल्या तोंडानं जाऊ?”

“असं का बोलता?”

“गावात पोरंसोरं इचारत्यात, तू पळालास व्हय रं? बायको पान्याला गेली तर नळावर तिला आयकवत्यात. एकाचं नाव झालं, मॅडम, आन् एकाचं गेलं.” त्यानं चहावरची साय बोटानं बाजूला सारली. “नियम काय हाय? वास आला की भाईर यायचं, बटन दाबायचं. मी बटन दाबलं. मीच दाबलं. ह्याच्या आदी दोनदा ग्यास सुटला तवा आमी दोगंबी पळालो हुतो. सयाजी माज्या म्होरं हुता. लय हसलो हुतो आमी बांदावर बसून.”

“मग या वेळी?”

“दारापतूर संगंच आलो की. दारात थांबला. मी बाही धरून वढली त्याची, तर बाही सोडवून घेतली. म्हनला, तू जा गड्या. तुला कोन वळकतंय?”

गाड्यावाल्यानं रॉकेलच्या स्टोव्हला हवा मारली. त्या भुस्स आवाजानं श्रद्धा दचकली.

वर खोलीत सयाजी उशीला टेकून बसला होता. उजव्या डोळ्यावर पट्टी, डावा लाल आणि अर्धवट उघडा. बनुबाई त्याला वाटीतून पेज भरवत होती. श्रद्धाला पाहून तिनं पदर सारखा केला आणि स्टूल पुढं ढकललं.

“या ताई. मॅडम आल्यात बगा.”

सयाजीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. हात जोडले. घशातून आवाज निघत नव्हता, नुसती खरखर होती. बनुबाईच बोलत राहिली. चार दिवसांत तिच्याशी कुणी धड बोललंच नसावं.

“आवं ताई, पिशवीवर फोटू आल्यापास्नं ह्यास्नी घरात इसावा ठावा न्हाई बगा. आमच्या शिराळ्याच्या अंगाला कुनाचंबी दूध नासलं, की बाई भगुनं घिऊन आमच्या दारात. ‘तुमचं दूध नासलं.’ आन् ह्ये आपले म्हशीचं दूध काडून द्येनार तिला! आदी तंबाकू खायाचे, ती सोडली. का, तर पारावर लोक बगत्यात. तिथं पत्त्याचा डाव टाकायचे, त्योबी सोडला. मी म्हनलं, आवं, पिशवीवर फोटू हाय, देव्हाऱ्यात न्हाई लावल्याला तुमचा!”

सयाजीच्या मिशीखाली हसू हललं. मग खोकला आला. तो थांबेपर्यंत श्रद्धा त्याच्या पायाशी घडी केलेल्या चादरीकडं पाहत राहिली.

“सयाजीदादा,” ती शेवटी म्हणाली, “परत आत का गेलात तुम्ही?”

त्यानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू हा काय प्रश्न झाला.

“तुमीच तर शिकवलंसा,” तो कुजबुजला. “डेअरी म्हंजी कोन? मीच.” श्वास घ्यायला तो थांबला. “दारापतूर आलो, मॅडम. पाय भाईर टाकनार, तर वाटलं, आवं, डेअरीच पळाली तर मागं ऱ्हातंय काय?”

त्याच्या बोलण्यात कसलाही ठपका नव्हता. पाठ केलेलं उत्तर गुरुजींना बरोबर सांगावं तसा तो बोलला, आणि शाबासकीची वाट पाहत थांबला. श्रद्धाच्या कानात काहीतरी गुणगुणायला लागलं. खोलीतल्या सगळ्या वस्तू, सलाइनची बाटली, पेजेची वाटी, खुंटीवरची सयाजीची टोपी, एकदम फार जवळ आणि फार स्पष्ट दिसू लागल्या.  पाणी प्यावं म्हणून तिनं तांब्याकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला.

“एक इचारू?” सयाजी म्हणाला.

तिनं मान हलवली. मग त्याला दिसलं नसेल म्हणून म्हणाली, “विचारा ना.”

“ह्यो डोळा असा. आता पिशवीवर दुसरा मानूस घेनार काय?”

बनुबाईनं हातातली वाटी खाली ठेवली आणि दोघंही तिच्या तोंडाकडं पाहू लागली. गेलेल्या डोळ्याबद्दल त्यानं तिला एका अक्षरानं विचारलं नव्हतं.

“नाही,” श्रद्धा म्हणाली. “नाही, दादा.” आणि आपण कशाला नाही म्हणतोय हे न कळून ती उठली. 

शनिवारी डेअरीच्या अंगणात मांडव घातला होता. दोन्ही पाळ्यांची माणसं, बायका, टँकरचे ड्रायव्हर, सगळे जमले. पडदा लावलेला होता, पण दाखवायला फिल्म नव्हती. श्रद्धानं ती केली नाही, एवढंच दादांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. “सयाजीदादांना बोलता येत नाही अजून,” असं कारण दिलं होतं. मग फोटो दाखवा आणि तुम्ही बोला, असं दादा म्हणाले होते.

फोटो पडद्यावर आला. सगळं अंगण उभं राहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. दगडाबाईनं डोळ्याला पदर लावला. श्रद्धानं ध्वनिक्षेपक हातात घेतला. पहिल्या रांगेत वीरधवलदादा बसले होते, तेही उभे राहिले.

“अर्जुनादादा, जरा पुढं या,” ती म्हणाली.

मागं कुठंतरी हालचाल झाली. माणसं बाजूला सरली. अर्जुना मान खाली घालून आला आणि तिच्यापासून हातभर अंतर ठेवून उभा राहिला.

“वास आला तेव्हा बटण कुणी दाबलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ते अर्जुनादादांनी दाबलं. मशीन त्यामुळं बंद झालं. आपण सगळे धड आहोत ते त्यामुळं. बटण दाबून ते बाहेर पळाले. पळायलाच पाहिजे होतं.” तिचा आवाज वर चढला, तो तिला आवरता येईना. “सयाजीदादांनीसुद्धा पळायला पाहिजे होतं. त्यांनी बंद केलेल्या व्हॉल्व्हचा काही उपयोग झाला नाही. काही गरज नव्हती आत जायची. चूक माझी आहे. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. डेअरी म्हणजे तुम्ही नाही. डेअरी म्हणजे यंत्रं आणि भिंती. वास आला की पळायचं. सगळ्यांनी पळायचं. अर्जुनादादांसाठी टाळ्या वाजवा.”

दादा जागच्या जागी थिजले. टाळ्या वाजल्या नाहीत. ती वाट पाहत राहिली. मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडलं. लोक तिच्याकडं पाहत होते, आणि त्या नजरांमध्ये राग होता. ज्या चेहऱ्यांनी तिची वाक्यं तोंडपाठ केली होती, ते सगळे चेहरे मिटून गेले होते.

“मॅडम,” शेवटी दगडाबाई बोलली. तिच्या आवाजात दटावणी होती. “मानूस दवाखान्यात पडलाय. आसं बोलू न्हाई त्याला.”

कुणीतरी ‘बरोबर’ म्हणालं. मग माणसं एकेक करून पांगायला लागली. दादा तिच्याजवळ आले, तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि निघून गेले. मांडवात ती एकटी उरली. ध्वनिक्षेपक अजून चालू होता. तिचा श्वास कर्ण्यातून तिलाच ऐकू येत होता. तिनं बटण शोधून तो बंद केला.

आपलं सामान घेऊन ती निघाली तेव्हा थंडघराच्या वळणावर अर्जुना उभा होता. दुसऱ्या पाळीचे कपडे घातलेले, हातात डबा.

“तुमी माज्यासाटी बोललासा,” तो म्हणाला. “लय उपकार झालं. कोन बोलतंय एवडं?”

“मला तुमच्यावर उपकार नव्हते करायचे. खरं तेच बोलले.”

“व्हय. पन तुमाला उगंच बोलनी खावी लागली. माज्यापायी.” त्यानं डबा या हातातून त्या हातात घेतला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता, काहीतरी ठरवून टाकलेल्या माणसासारखा. “तुमी आता काळजी करू नका, मॅडम. पुन्यांदा आशी येळ आली, तर मी न्हाई पळायचो. तुमाला शब्द देतो.”

“अर्जुनादादा, अहो, मी काय सांगितलं मघाशी?”

“आयकलं की समदं,” तो समजूत घालावी तसा म्हणाला. “तुमी मोटं मन करून बोललासा.”

त्यानं तिला हात जोडले, डबा काखेत मारला आणि कॉम्प्रेसरच्या खोलीचं दार उघडून आत गेला.